आय शॅल, आय विल आणि मी येईल

आजचा भाग इंग्रजी व्याकरणावर आहे म्हटल्यावर निम्मे लोक पळून जातील याची मला कल्पना आहे. पण थांबा. आज मी व्याकरण शिकवणार नाहीये. व्याकरणाचा एक नियम कुठून आला, कुणी काढला आणि तो आपल्या वहीपर्यंत कसा पोचला याची गोष्ट सांगणार आहे.

सुरुवात माझ्याच वहीपासून करतो. आठवीत होतो. मराठवाड्यातली तालुक्याची शाळा, इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं. 'मी उद्या मामाकडे जाईन' याचं भाषांतर मी 'आय विल गो' असं केलं. सरांनी 'विल'भोवती लाल गोल केला, शेजारी 'शॅल' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, 'आय आणि वी ला शॅल, बाकीच्यांना विल. पाठ कर.' पाठ केलं. मग पुढच्या धड्यात आलं की निर्धार, वचन किंवा धमकी असेल तर सगळं उलटं करायचं, आयला विल आणि बाकीच्यांना शॅल. तेही पाठ केलं.

पुढे कॉलेजला पुण्यात आलो. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी म्हणालो, 'मी संध्याकाळी येईल.' खोलीत हशा. 'येईल कोण? तो येईल. तू येशील. मी येईन!' वर्षभर माझं नावच 'येईल' पडलं होतं. आमच्याकडे, म्हणजे मराठवाडा, विदर्भ, खानदेश या सगळ्या पट्ट्यात, 'मी करेल, मी येईल' असंच बोलतात. घरी आई, आजी, शेजारी सगळे. आम्हाला कधी शंकासुद्धा आली नव्हती की आपण काही चुकीचं बोलतोय.

हे दोन प्रसंग एकाच जातीचे आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली. दोन्हीकडे भविष्यकाळ, दोन्हीकडे प्रथम पुरुष, आणि दोन्हीकडे एका विशिष्ट भागातल्या लोकांची सवय सगळ्यांसाठी नियम बनलेली.

तर शॅल-विलचा नियम लिहून काढला कुणी? ज्या माणसामुळे तो पक्का झाला तो व्याकरणकार म्हणून ओळखलाच जात नाही. जॉन वॉलिस. जन्म १६१६. ऑक्सफर्डमध्ये भूमितीचा प्राध्यापक. गणितात अनंतासाठी आपण जो आडवा आठ काढतो ना, ते चिन्ह १६५५ साली पहिल्यांदा छापलं ते याच वॉलिसने. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालू होती तेव्हा हा गृहस्थ राजाच्या बाजूची पकडलेली सांकेतिक पत्रं पार्लमेंटसाठी उलगडून देत असे. पुढे रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे डोकं कसं चालत असेल बघा. जिथे तिथे सूत्र शोधायचं.

या वॉलिसने १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, आणि लिहिलं लॅटिनमध्ये. आज हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. पुस्तक इंग्रजांसाठी नव्हतंच मुळी. ते परदेशी लोकांसाठी होतं, ज्यांना इंग्रजी शिकायचंय आणि लॅटिन येतं अशा युरोपातल्या विद्वानांसाठी. त्या पुस्तकात त्याने सांगितलं की परदेशी लोकांचा शॅल आणि विलमध्ये फार गोंधळ होतो, म्हणून हे ध्यानात ठेवा: पहिल्या पुरुषात शॅल म्हटलं की नुसतं पुढे काय होणार ते सांगणं, विल म्हटलं की वचन किंवा धमकी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरुषात नेमकं उलट.

गंमत अशी की याच पुस्तकात वॉलिसने आधीच्या व्याकरणकारांना झोडलं होतं. हे लोक इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात कोंबतात, इंग्रजीची घडण वेगळी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे हेतू चांगला होता. आजूबाजूला लोक कसं बोलतात ते बघून त्याने एक सोयीचं सूत्र काढलं. पण आजूबाजूला म्हणजे कुठे? इंग्लंडच्या दक्षिणेला, शिकलेल्या लोकांमध्ये. स्कॉटलंड, आयर्लंड, उत्तर इंग्लंड इथे लोक त्या वाटणीप्रमाणे बोलत नव्हते.

आता हे दोन शब्द मुळात काय होते ते बघू, कारण त्याशिवाय नियमामागचं डोकं कळणार नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शॅल हे साधं, पूर्ण क्रियापद होतं. अर्थ, देणं लागणे. कर्ज असणे. जर्मनमध्ये आजही त्याच कुळातला 'शुल्ड' हा शब्द आहे, त्याचा अर्थ ऋण आणि अपराध दोन्ही. आणि विल म्हणजे इच्छा असणे, हवं असणे. म्हणजे एका बाजूला 'मला जाणं भाग आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'मला जायची इच्छा आहे'. दोन्हींचा अर्थ झिजत झिजत शेवटी 'पुढे होणार आहे' एवढाच उरला. मराठीतलं 'मला जायचंय' घ्या. यात इच्छा आहे की बंधन? 'मला सिनेमाला जायचंय' मध्ये इच्छा, 'मला उद्या कोर्टात जायचंय' मध्ये बंधन, आणि दोन्हीकडे भविष्यकाळ आपोआप आलाच.

मग पहिल्या पुरुषात शॅल सभ्य का वाटलं असेल? एक अंदाज असा करता येतो की स्वतःबद्दल बोलताना 'माझी इच्छा आहे' म्हणण्यापेक्षा 'माझ्यावर येऊन पडलंय' म्हणणं जास्त नम्र वाटतं. आणि दुसऱ्याबद्दल बोलताना 'त्याने केलंच पाहिजे' म्हणण्यापेक्षा 'त्याची इच्छा आहे' म्हणणं नम्र. म्हणजे हा व्याकरणापेक्षा शिष्टाचाराचा भाग. मला हे स्पष्टीकरण पटतं, पण ते नियमाइतकं काटेकोर कधीच नव्हतं.

वॉलिसनंतर शंभर वर्षांनी गोष्ट बदलते. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांचं व्याकरण आलं. हे धर्मगुरू, पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि इंग्रजांसाठी होतं. परदेशी पाहुण्यांना दिलेली टीप आता घरच्यांना शिकवायचा नियम झाली. विल्यम वॉर्ड नावाच्या एका शाळामास्तरांनी तर १७६५ साली हा नियम पद्यात बसवला, पोरांना पाठ व्हावा म्हणून. आणि मग आला लिंडली मरे. मूळचा अमेरिकन वकील, इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेला, तब्येतीने अधू, बहुतेक काळ खुर्चीतच. जवळच्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहिलं. बरंचसं लाउथवरून घेतलेलं. ते पुस्तक इतकं चाललं की पुढची कित्येक दशकं इंग्रजी जगात व्याकरण म्हणजे मरे असं समीकरण झालं. लाखो प्रती खपल्या.

हा काळ लक्षात घ्या. मध्यमवर्ग वाढतोय, खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला सभ्य दिसायचंय, आणि सभ्य दिसायचं तर सभ्य बोलायला हवं. अशा माणसाला व्याकरणाचं पुस्तक विकत घेता येतं. आणि ज्याला पुस्तकाची गरज पडते तो अर्थातच बाहेरचा.

त्या काळातला एक विनोद आहे, इंग्रज लोक आवडीने सांगायचे. एक आयरिश माणूस थेम्स नदीत पडतो. (कधी तो स्कॉटिश असतो, कधी फ्रेंच, सांगणाऱ्याच्या मर्जीवर.) गटांगळ्या खात ओरडतो, 'आय विल ड्राउन, अँड नोबडी शॅल सेव्ह मी!' त्याला म्हणायचंय, मी बुडतोय आणि मला कुणी वाचवत नाहीये. पण नियमाप्रमाणे अर्थ होतो, मी बुडणार म्हणजे बुडणारच, आणि खबरदार कुणी मला वाचवलं तर! मग काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेला मान देऊन त्याला बुडू देतात.

हा विनोद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो. मग होस्टेलची खोली आठवली.

आणि इथे आपले एक जुने ओळखीचे येतात. मेकॉले. हो, तेच, १८३५ च्या टिपणीवाले, ज्यांच्यामुळे हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा रस्ता पक्का झाला. त्यांनी शॅल-विलबद्दल एके ठिकाणी लिहिलंय. सारांश असा की लंडनच्या हजारो लोकांत नियम सांगू शकणारा एकही सापडणार नाही, पण वापरताना चुकणाराही सापडणार नाही. याउलट डॉक्टर रॉबर्टसन, म्हणजे एडिंबरोचे नावाजलेले इतिहासकार, या विषयावर उत्तम प्रबंध लिहू शकले असते, तरी स्वतःच्या पुस्तकांत ते चुकलेच. मेकॉले यांचा मुद्दा होता की सवयीने येतं ते नियमाने येत नाही. मुद्दा बरोबरच आहे. पण मग ज्यांच्या कानावर लंडन कधी पडणारच नव्हतं अशा मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या पोरांनी काय करायचं? त्यांच्या हाती फक्त नियमच येणार.

१९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' लिहिलं. शॅल-विलवर पानंच्या पानं खर्च केली, आणि सुरुवातीलाच कबुली दिली की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे उपजत येतं, त्याला हा भाग वाचायची गरज नाही. आणि जो तिथे जन्मला नाही त्याला हे वाचूनही जवळजवळ येणार नाही. अरे बाबा, मग लिहिलंस कुणासाठी?

आपल्याकडे हा नियम पोचला तो पाठ्यपुस्तकांतून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी होती. आणि मग रेन आणि मार्टिन. लाल जाडजूड पुस्तक, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि नंतर 'बो जेस्ट' ही फ्रेंच परदेशी पलटणीची कादंबरी लिहून जगभर गाजले. वाळवंट, किल्ला, नीलमाची चोरी, सगळा मसाला. त्याच माणसाच्या नावाने आपल्या तीन पिढ्यांनी वाक्याचं पृथक्करण केलं. त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकातही शॅल-विलची ती वाटणी होतीच.

पण तोवर तिकडे काय झालं होतं? १९२५ साली चार्ल्स फ्राइज नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली. नियम काय सांगतो ते बाजूला ठेवलं आणि इंग्लिश व अमेरिकन नाटकांतल्या संवादांमध्ये शॅल आणि विल प्रत्यक्ष किती वेळा, कुठे येतात ते मोजलं. नियमाप्रमाणे वाटणी दिसलीच नाही. पहिल्या पुरुषातही विलचाच वापर जास्त. म्हणजे माझा अर्धा मार्क गेला त्याच्या कितीतरी आधीच हिशोब लागून गेला होता. आज इंग्रजी बोलणारे बहुतेक लोक शॅल वापरतात ते फक्त प्रश्नात, 'शॅल वी गो?', 'शॅल आय ओपन द विंडो?' आणि 'शॅल'ची दुसरी जागा म्हणजे कायदा. तिथे मी शेवटी येतो.

आता दुसरी गोष्ट. शॅल-विलचा नियम वरून लादलेला होता. पण इंग्रजीत सहाय्यक क्रियापदाचा एक नियम असा आहे जो कुणीच लादला नाही, कुणी ठरवला नाही, आणि तरी तो इतका कडक आहे की एकही इंग्रज तो मोडत नाही. तो म्हणजे डू.

माझी भाची सहावीत आहे. परवा तिच्या वहीत वाक्य होतं, 'आय डिड नॉट वेन्ट टू स्कूल.' बाईंनी वेन्टवर काट मारली होती. तिने मला विचारलं, 'मामा, काल गेले नाही, म्हणजे भूतकाळ आहे ना? मग गो कसं?' प्रश्न एकदम बरोबर आहे. मराठीत बघा. 'मी गेले' आणि 'मी गेले नाही'. क्रियापद जसंच्या तसं राहतं, भूतकाळ त्याच्याच अंगावर राहतो, नाही फक्त मागे येऊन बसतं. पोरीने मराठीच्या हिशोबाने अगदी तर्कशुद्ध वाक्य केलं होतं.

आणि एकेकाळी इंग्रजीचाही हिशोब जवळपास असाच होता. सगळ्यात जुन्या इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी यायचा, 'ने' असा. 'आय ने से' म्हणजे मी म्हणत नाही. हा 'ने' उच्चारात फारच किरकोळ, मग जोर यावा म्हणून शेवटी 'नॉट' जोडायला लागले. 'आय ने से नॉट'. मग पुढचा ने गळून पडला, उरलं 'आय से नॉट'. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हे सर्रास चालायचं. 'आय नो नॉट', 'ही केम नॉट'. भूतकाळ क्रियापदावरच, नॉट मागे. माझ्या भाचीला त्या काळात पूर्ण मार्क मिळाले असते. नकार असा झिजतो, दुप्पट होतो आणि पुन्हा झिजतो, या चक्राकडे डॅनिश अभ्यासक ऑटो येस्पर्सन याने १९१७ साली लक्ष वेधलं. फ्रेंचमध्येही हेच घडलं, आणि बोलीभाषेत अजून घडतंय.

मग डू मध्येच कुठून घुसला? इथे मी जरा रमणार आहे, माफ करा.

तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या पद्यात असा डू दिसायला लागतो ज्याला स्वतःचा काही अर्थच नाही. 'ही डिड बिल्ड' म्हणजे नुसतंच 'त्याने बांधलं'. स्वीडनच्या अल्वार एलेगॉर्ड यांनी १९५३ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. संगणक हाताशी नसताना त्यांनी शेकडो वर्षांचे ग्रंथ चाळून एकेक डू मोजला. त्यांचं मत होतं की मूळ अर्थ 'करवून घेणे' असा असावा. 'राजाने किल्ला बांधला' म्हणतो तेव्हा राजाने स्वतः दगड उचललेले नसतात. तसं 'डिड बिल्ड' म्हणजे आधी 'बांधवून घेतला', आणि मग हळूहळू नुसतं 'बांधला'. दुसरं एक मत आहे की हे वेल्श आणि कॉर्निश भाषांवरून आलं, कारण त्या भाषांमध्येही 'करणे' हे क्रियापद असंच जोडीला येतं. जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २००८ मध्ये आपल्या पुस्तकात हे मत हिरिरीने मांडलं. ऐकायला छान आहे. अडचण एवढीच की अँग्लो-सॅक्सन लोक तिथे आले पाचव्या शतकात आणि डू लिखाणात जोर धरतो पंधराव्यात. हजार वर्षं तो काय लपून बसला होता? बोलीत होता, लिखाणात आला नाही, असं त्याचं उत्तर दिलं जातं. मला स्वतःला करवून घेण्याचं मत जास्त जवळचं वाटतं, कदाचित मराठी कानामुळे.

एलेगॉर्ड यांच्या आकड्यांचा आलेख काढला की एक चमत्कारिक चित्र दिसतं. साधारण १४०० पासून डू सगळीकडे वाढत जातो. प्रश्नांत, नकारात आणि साध्या होकारी वाक्यांतही. 'आय डू गो', 'शी डिड सिंग', काही जोर द्यायचा नसताना. सोळाव्या शतकाच्या मध्याला वाटलं असतं की आता इंग्रजीत प्रत्येक वाक्यात डू येणार. आणि मग होकारी वाक्यांतला आलेख खाली वळतो. प्रश्नांत डू वाढतच राहतो, नकारात जरा अडखळून पुन्हा चढतो, पण साध्या वाक्यांतून तो निघून जातो. १७०० च्या सुमारास आजची व्यवस्था जवळपास बसलेली दिसते. प्रश्नात हवा, नकारात हवा, साध्या वाक्यात फक्त जोर द्यायला. १९८९ साली अँथनी क्रॉच यांनी हेच आकडे घेऊन दाखवलं की वेगवेगळ्या संदर्भांत बदलाचा टप्पा वेगळा असला तरी वाढीचा वेग सारखाच होता. म्हणजे वरवर वेगळे दिसणारे बदल आत कुठेतरी एकच होते.

काही क्रियापदं शेवटपर्यंत अडून बसली. नो, डाउट, केअर ही त्यातली. 'आय नो नॉट' हे 'आय गो नॉट'पेक्षा कितीतरी जास्त टिकलं. रोजच्या वापरातले शब्द हट्टी असतात. १६११ च्या बायबलच्या भाषांतरातही नकारात डू फारसा नाही, कारण भाषांतरकारांना जुनं, भारदस्त वळण हवं होतं.

होकारी वाक्यातला डू कवींना मात्र सोडवेना, कारण वृत्तात एक मात्रा कमी पडली की डू टाकला, काम झालं. १७११ साली अलेक्झांडर पोपने यांची टर उडवली, तीसुद्धा त्याच ओळीत स्वतः एक फालतू डू घालून. आपल्याकडे पद्यात 'हो' आणि 'रे' ज्या कामाला येतात तेच हे काम. १७५५ च्या कोशात डॉक्टर जॉन्सनने असा निष्कारण डू दूषित मानला जातो म्हणून नोंदवलं. पण तोवर लोकांनीच तो सोडून दिला होता. डॉर्सेट-सॉमरसेटकडच्या जुन्या बोलीत मात्र 'आय डू गो' म्हणजे 'मी नेहमी जातो' असा वापर पुढेही राहिला.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. इंग्रजीत डू ही एक खुंटी आहे. काळाचा अंगरखा एकच आहे, आणि तो एकाच खुंटीवर टांगता येतो. डू आला की अंगरखा त्याच्यावर जातो, डिड होतो, आणि मागचं क्रियापद उघडं राहतं, गो. 'डझ ही गोज' का नाही? तेच कारण. 'कॅन', 'विल', 'हॅव' असली दुसरी खुंटी आधीच असेल तर डू लागत नाही. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'मग नाहीवर का नाही टांगत?' म्हटलं, मराठीत टांगतो की! नाही, नाहीस, नाहीत. 'मी जात नव्हतो' मध्ये काळ कुणावर आहे? नव्हतोवर. 'जात' उघडंच आहे. फक्त 'गेलो नाही' मध्ये आपण टांगत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मराठीच अवघड आहे.

जाता जाता कॅनबद्दल थोडं. कॅन म्हणजे मुळात 'जाणणे'. इंग्रजी कॅन, नो आणि आपलं ज्ञान, जाण हे सगळे एकाच मूळ धातूचे वंशज. ज्याला पोहणं ठाऊक आहे तो पोहू शकतो, असा प्रवास. आपण मराठीत 'मला पोहता येतं' म्हणतो ते किती नेमकं आहे. हल्ली मात्र प्रत्येक कॅनला 'शकणे' लावायची साथ आलीय, 'आपण इथे क्लिक करू शकता'. असो, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. आणि कुड या शब्दात जो एल लिहितात ना, तो चक्क खोटा आहे. वुड आणि शुडमध्ये एल मुळातून आलाय, विल आणि शॅलचा. कुडमध्ये कधीच नव्हता. शेजारचे दोघे घालतात म्हणून यालाही घातला. स्पेलिंगला ज्या पोरांनी मार्क गमावले त्यांच्यासाठी ही माहिती.

आता कायदा. कारण इथे शॅल ही गंमत राहत नाही.

आपली राज्यघटना इंग्रजीत शॅलने भरलेली आहे. राज्य अमुक करील, राज्य तमुक नाकारणार नाही. इथला शॅल तिसऱ्या पुरुषातला आहे, म्हणजे वॉलिसच्या हिशोबाने आज्ञा. केलंच पाहिजे. पण खरंच केलंच पाहिजे का? १९५७ साली सुप्रीम कोर्टासमोर हाच प्रश्न आला. स्टेट ऑफ यूपी विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव. घटनेचं कलम ३२० म्हणतं की सरकारी नोकरावरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, शब्द शॅल. या प्रकरणात सल्ल्याची प्रक्रिया नीट पार पडली नव्हती. मग शिक्षा रद्द होते का? कोर्ट म्हणालं, नाही. नुसता शॅल हा शब्द आहे म्हणून तरतूद बंधनकारक ठरत नाही. हेतू काय, पाळलं नाही तर काय परिणाम होणार हे कलमात सांगितलंय का, असं सगळं बघावं लागतं. इथला शॅल मार्गदर्शक आहे.

तेव्हापासून वकिलांची भाषा तुम्ही ऐकली असेल: शॅल म्हणजे कधी मस्ट, कधी मे. एका माणसाची नोकरी एका सहाय्यक क्रियापदाच्या अर्थावर टांगलेली. अंगरखा आणि खुंटी म्हणालो ते इथे जरा वेगळ्याच अर्थाने खरं होतं. हा घोळ नको म्हणून दक्षिण आफ्रिकेने १९९६ ची घटना लिहिताना शॅल बाजूला ठेवला आणि बंधन दाखवायला सरळ मस्ट वापरला. आपल्याकडे जुना शॅल आहे तिथेच आहे, आणि त्यावर युक्तिवाद चालूच आहेत.

परवा आईला फोन केला. म्हणाली, 'तू ये, तोवर मी स्वयंपाक करून ठेवेल.' पुण्यात पंचवीस वर्षं काढून मी आता 'ठेवीन' म्हणतो, आणि गावी गेलो की आपोआप 'ठेवेल'वर येतो. भाचीने विचारलं, परीक्षेत आय शॅल लिहू की आय विल? म्हटलं, आधी तुझ्या पुस्तकात काय आहे ते दाखव. आता तिच्या पुस्तकात सगळीकडे विलच आहे.

पुढच्या भागात 'इज बीइंग'ची गोष्ट. 'घर बांधलं जात आहे' हे इंग्रजीत कसं म्हणायचं यावरून एकोणिसाव्या शतकात शहाणीसुरती माणसं अक्षरशः भडकली होती. तोवर, मी येईल परत.